वाळुंजाची साल

चिमट्याने तिने दुसरा तुकडा पहिल्याच्या शेजारी सरकवला आणि दोन्ही तुकडे एकमेकांना बसले. नुसते टेकले नाहीत. सालीची भेग भेगेला लागली, आणि वरच्या दगडफुलाची जी पाकळी डावीकडे अर्धीच होती ती उजवीकडे पुरी झाली. तिने चिमटा खाली ठेवला, भिंगाची काच रुमालाने पुसली आणि पुन्हा पाहिलं. काच स्वच्छच होती.

“झालं कल्याण,” ती म्हणाली. खोलीत ऐकायला कपाटांशिवाय कोणी नव्हतं.

डावा तुकडा ज्या पुडीतून निघाला होता तिच्यावर उत्तरेकडच्या डोंगराचं नाव होतं. उजवा आला होता पार दक्षिणेच्या बंदराजवळून. मध्ये अख्खा प्रदेश पसरलेला. सालीचा एकच तुकडा प्रदेशाच्या दोन टोकांना एकदम वाढतो हे शास्त्रात बसत नाही, आणि शास्त्र राहू द्या, साध्या व्यवहारातही बसत नाही. त्यातून दोन्ही पुड्यांवरचं अक्षर एकाच हाताचं होतं: बारीक, ताठ, छापल्यासारखं. ते अक्षर ती घरी रोज किराण्याच्या चिठ्ठीवर पाहत होती. ते तिच्या सासऱ्यांचं होतं.

आता हे दगडफूल म्हणजे काय, ते सांगायला हवं. नाव दगडफूल, राहतं बरेचदा झाडावर, आणि फूल तर ते मुळीच नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला तो संसार असतो. असे हजारो संसार या वनस्पतिसंग्रहाच्या कपाटांत कागदाच्या पुड्यांमध्ये वाळून पडले होते, आणि प्रत्येक पुडीवर कुठे, कधी, कशावर, कुणाला सापडलं याची पट्टी होती. हे सगळं जिच्यावरून सुरू झालं त्या जातीचं शास्त्रीय नाव उच्चारायला जीभ दोनदा वळवावी लागे, म्हणून संग्रहात सगळे तिला करडी झालर म्हणत. सोमवारी करड्या झालरीची प्रदेशातली सगळी ठिकाणं, नकाशासकट, वनस्पती-संरक्षण समितीकडे जायची होती. खाली सही संग्रहपालाची लागणार होती, आणि संग्रहपाल म्हणजे ती. तिच्याआधी त्या खुर्चीवर सासरे बसत. ती इथे त्यांच्या हाताखाली उमेदवार म्हणून आली आणि त्यांची सून मग झाली, त्यामुळे त्यांना घाबरायची सवय तिला लग्नाआधीपासूनची होती.

सासरे म्हणजे कडक काम. पट्टीवर तारीख राहिली तर पुडी परत, आणि वर प्रश्न, “हे काय आभाळातून पडलं?” एक पुडी खोटी निघाली की त्या माणसाच्या सगळ्या पुड्यांवर लाल पट्टी चिकटवायची, तिच्यावर एकच शब्द, ‘शंकास्पद’, हा नियम त्यांचाच. त्या नियमाने त्यांनी एका जिवलग मित्राचं आयुष्यभराचं काम बाद केलं होतं. मित्र पुन्हा या इमारतीची पायरी चढला नाही. लोक तो किस्सा अजून सांगतात, काही कौतुकाने, काही दातओठ खाऊन.

तिने आधी बचाव शोधून पाहिला. एका नमुन्याचे दोन भाग करून एक भाग दुसऱ्या संग्रहाला भेट पाठवायची पद्धत असते, आणि कधी परत आलेला भाग भलत्याच पुडीत शिरतो. पण तसं असतं तर त्या पुडीत परक्या तुकड्याशेजारी तिचा स्वतःचा तुकडाही उरला असता. उरला नव्हता. मग तिने सासऱ्यांच्या करड्या झालरीच्या सगळ्या पुड्या टेबलावर मांडल्या. जुन्या होत्या त्या शहराबाहेरच्या तळ्याकाठच्या. तळ्याकाठी वाळुंजाची म्हातारी झाडं होती, प्रदेशात दुसरीकडे कुठे नव्हती, आणि करडी झालर फक्त त्यांच्यावर वाढे. रस्ता रुंद करायला ती झाडं पाडली. त्यानंतर वर्षभरात सासऱ्यांना करडी झालर नव्या सात ठिकाणी सापडली होती. कुठे शिरिषावर, कुठे चिंचेवर, कुठे शाळेच्या आवारातल्या सुरूवर. पट्ट्यांवर तसं लिहिलं होतं. पुड्यांमधली साल मात्र सातही ठिकाणची एकच होती. जाड, खोल भेगांची, आतून तांबूस. वाळुंजाची.

म्हणजे तळ्यावरून पोतंभर साल आणली, आणि सात गावं घरबसल्या लिहून काढली. दुसरं काय म्हणायचं? करड्या झालरीमुळे सासऱ्यांचं नाव झालं होतं. झाडं गेली, तेव्हा नावही गेल्यात जमा होतं. मग एकाएकी सात ठिकाणं सापडली, वाहवा झाली, जात ‘सर्वत्र आढळणारी’ ठरली आणि कोणाला तिची काळजी करायचं कारण उरलं नाही. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ते हेच. तिला त्यांच्या त्या मित्राची आठवण झाली आणि राग आला.

आणखी एक गोष्ट तिच्या डोळ्यांत खुपली. बाकी सगळीकडे सासरे ‘सालीवर वाढलेले’ असं लिहीत. या सात पट्ट्यांवर फक्त ‘खोडावर सापडले’. नरो वा कुंजरो वा. इतका विचार करून लिहिणारा माणूस चुकून काही लिहीत नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला.

“बाबा, उत्तरेच्या डोंगरावर तुम्हाला करडी झालर मिळाली ना, ती कोणत्या झाडावर होती हो?”

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. मग तो तोंडात गेला आणि सावकाश चावला गेला.

“पट्टीवर आहे ना?”

“शिरीष आहे.”

“मग शिरीष.”

“साल कशी होती, आठवतं?”

“पट्टीवर जे आहे ते वाच,” सासरे म्हणाले. “जे नाही, ते विचारू नकोस.”

“अगं, त्या डोंगरावर काय मजा आली होती,” सासूबाई मध्येच म्हणाल्या. त्यांचा जन्म शिवणक्लास चालवण्यात गेला होता, आणि शांतता दिसली की तिला टाका घालायची त्यांना सवय होती. “हे आठवडाभर शीळ घालत होते घरात. आठवतं ना हो?”

“जेव आता,” सासरे म्हणाले.

भांडी विसळताना तिने नवऱ्याच्या कानावर घातलं. तो हसलाच.

“बाबा आणि थापा? बाबांनी जन्मभर पुड्या बांधल्या. सोडली एकही नाही.”

“अरे, तुकड्याला तुकडा बसतो.”

“मग तुकड्यांचं काहीतरी चुकत असेल.”

“तुकड्यांना अक्कल नसते रे. म्हणून ते खोटं बोलत नाहीत.”

नवऱ्याने ताटली पुसून जागेवर ठेवली आणि झोपायला गेला. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. बापावर संशय घ्यायला बाप परका असावा लागतो. तिची गोष्ट वेगळी होती. ती परक्या घरातून आली होती आणि तिच्या हाती भिंग होतं. आता तिला सगळंच दिसायला लागलं. सकाळी सासऱ्यांनी चहा घेताना विचारलं, “यादी सोमवारीच जाते ना?” आणि चप्पल घालताना पुन्हा तेच विचारलं. त्यांच्या खणातलं जुनं भिंग जागेवर नव्हतं. निवृत्त झाल्यापासून ज्या माणसाने दाढी करायला आरसाही नीट पाहिला नाही, त्याला भिंग कशाला हवं होतं?

ते दुपारी कळलं. ती नकाशाच्या प्रती काढून खोलीत परतली तर करड्या झालरीचं कपाट सताड उघडं, आणि समोर सासरे. त्यांना तिची चाहूल लागली, पण ते वळले नाहीत.

“बाबा, खिशात काय आहे?”

“भिंग.”

“दुसऱ्या खिशात?”

सासऱ्यांनी एकेक करून सातही पुड्या टेबलावर ठेवल्या. ठेवतानाही ओळीने, कडेला कडा जुळवून.

“पुड्या बाहेर न्यायच्या नाहीत, असं दारावर लिहिलंय,” ती म्हणाली. “अक्षर तुमचंच आहे.”

“माहीत आहे मला.”

“कुठे नेत होतात?”

तिने दोन पुड्या उघडल्या, तुकडे काढले आणि त्यांच्यासमोर जोडून दाखवले. सासरे पाहायला वाकले नाहीत. रस्त्याने जाताना कुठल्याही भिंतीवर दगडफुलाचा ठिपका दिसला तरी हा माणूस वाकत असे, लोकांना अडचण होईल इतका वेळ वाकत असे. आज वाकला नाही. यांना ठाऊक होतं तर, तिच्या मनात आलं, आणि आतापर्यंत कुठेतरी उरलेली आशा तिथे संपली. तिला फार वाईट वाटलं.

“या सात काढून टाक,” सासरे म्हणाले.

“कारण?”

“कारण विचारू नकोस.”

“कारणाशिवाय पुडी निघत नाही, बाबा. हा नियम—”

“माझाच. ठाऊक आहे.”

“मग दुरुस्तीची चिठ्ठी लिहा. ज्याची पुडी त्याने स्वतःहून चूक दाखवली, सही केली, तर लाल पट्टी लागत नाही. हेही तुम्हीच ठरवलंय.” तिने खणातून कोऱ्या चिठ्ठ्या काढून पुढे केल्या. “काय झालं ते लिहून द्या. मी कोणाला एक शब्द बोलणार नाही.”

सासऱ्यांनी चिठ्ठ्यांकडे पाहिलं. हात थोडा पुढे आला आणि मागे गेला.

“चिठ्ठी लिहिली की ती छापून येते. कोणीही वाचतं.”

“मग वाचू दे ना.”

“नाही लिहिणार.” त्यांनी भिंग खिशात टाकलं. “लाल पट्टी लाव. या सातांना लाव, सगळ्यांना लाव. नियम आहे तो पाळ.”

“चाळीस वर्षांच्या पुड्या आहेत, बाबा.”

“माझ्याच आहेत. मला सांगू नकोस.”

चोरी करताना सापडलेला माणूस एक तर गयावया करतो, नाहीतर उलट अंगावर येतो. सासरे दोन्ही करत नव्हते. शिक्षा मात्र सगळी मागून घेत होते. चोर सोडून आपण संन्याशाला तर फाशी देत नाही ना, अशी शंका तिला चाटून गेली. पण सातही पुड्यांवर सही संन्याशाचीच होती, त्याला ती काय करणार?

दारापर्यंत जाऊन ते थांबले.

“घरी यातलं काही काढू नकोस.”

“आईंना पण नाही?”

“कोणालाच नाही म्हटलं ना,” ते म्हणाले, आणि जरा घाईनेच म्हणाले.

शनिवारी सकाळी तिने चहाचा कप ठेवता ठेवता जाहीर केलं की कालव्याच्या रस्त्यावर जाऊन ती स्वतः पाहणार आहे. सात ठिकाणांपैकी ते सगळ्यांत जवळचं, बसने तासाभराचं.

“एवढ्या वर्षांनी काय मिळणार तिथे?” सासरे म्हणाले.

“काही मिळालं नाही तर तसं लिहीन. तुम्ही येता?”

“नाही.”

“मी येते,” सासूबाई म्हणाल्या. “घरात बसून अंगाला गंज चढलाय.”

सासऱ्यांनी मान वर केली. त्यांचा चेहरा उतरला होता. “तू कशाला जातेस? ऊन आहे बाहेर.”

“ऊन काय आजच पडलंय?” असं म्हणत सासूबाईंनी पिशवीत संत्री भरायला घेतली.

बसमध्ये सासूबाई खिडकीशी बसल्या आणि वाटेतल्या प्रत्येक दुकानाच्या पाटीवर टीका करत राहिल्या. ती हो ला हो म्हणत होती, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. काल पुड्या उचलायला आलेला माणूस आज बायकोला आपल्यावर नजर ठेवायला पाठवतोय का? चेहरा उतरला तो खरा उतरला, की तोही ठरवून? आदल्या आठवड्यात असं काही तिच्या स्वप्नातही आलं नसतं. संशय एकदा घरात शिरला की तो पाहुण्यासारखा एका खोलीत राहत नाही. सगळी कपाटं उघडून बघतो. सासूबाईंनी सोललेलं संत्र पुढे केलं. ते घेतानाही तिला अपराधी वाटलं आणि संशय काही गेला नाही.

कालव्याचा रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना शिरिषाची झाडं, एकसारखी एक, नजर पोहोचेल तिथपर्यंत. पट्टीवर नुसतं ‘कालव्याचा रस्ता, शिरीष’ एवढंच होतं, तेव्हा तिने शिस्तीत पहिल्या झाडापासून सुरुवात केली. खोडाला फेरी, मग फांद्या, मग पुढचं झाड. तिसऱ्या झाडाशी तिने वळून पाहिलं तर सासूबाई शेजारी नव्हत्या.

त्या पुढे निघून गेल्या होत्या. झाडं बघत नव्हत्या, इकडेतिकडेही बघत नव्हत्या. स्वतःच्या घरात पाणी प्यायला जावं तशा त्या पंपाच्या खोलीवरून गेल्या, रस्ता ओलांडला, एका झाडाच्या पलीकडे, कालव्याच्या बाजूला उतरल्या आणि मान वर करून उभ्या राहिल्या. त्या बाजूला रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर कधी गेली नसती.

“अगं बाई,” त्या हळूच म्हणाल्या.

ती धावत तिथे पोहोचली. दोन फांद्या जिथे फुटतात तिथे करडी झालर होती. परातीएवढी, कडांना ताजी, कालव्याच्या ओलाव्याने किंचित निळसर. पुडीत वाळलेली ती इतक्यांदा पाहिली होती की जिवंत दिसल्यावर तिला क्षणभर ओळखच पटली नाही. झालरीच्या खालून जुन्या सालीचा एक कोपरा डोकावत होता. वाळुंजाची साल, शिरिषाने वाढता वाढता तिला अर्धी पोटात घेतली होती. आणि झालर त्या सालीवरून उतरून शिरिषाच्या अंगावर गेली होती, वरच्या फांदीवर चढली होती, आणि शेजारच्या झाडावरही बटणाएवढी, चिमुकली, नवी पिल्लं धरून बसली होती.

“एवढंसं होतं गं,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी तळहात दाखवला. “या एवढं.”

मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. तळहात तसाच हवेत राहिला.

“तुम्ही बांधलं होतंत?” तिने विचारलं.

सासूबाई कालव्याच्या कठड्यावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. चोरी पकडली गेल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं, आणि त्यात थोडं हसूही होतं.

“तळ्यावरची झाडं पाडली ना, त्या दिवशी हे घरी आले ते भिंतीकडे तोंड करून पडले. जेवण नाही, बोलणं नाही. औषधं झाली, डॉक्टर झाले. मला यातलं काही कळत नाही बाई, मला कापड कळतं. पण एवढं कळलं की हे असेच पडून राहिले तर उठायचे नाहीत. मग मी तळ्यावर गेले. झाडं आडवी पडली होती. साल सोलली, पिशव्या भरल्या आणि एकेका गावी जाऊन झाडाला बांधून आले. माहेरी जाते म्हणून सांगायची. एवढ्या वेळा माहेरी कशाला जातेस, हे विचारायची सुद्धा शुद्ध नव्हती यांना.”

“आणि मग?”

“मग काय? म्हटलं, चला, जरा फिरून येऊ. ओढतच आणलं. या इथे मी पाय दुखतात म्हणून बसले. यांनी वर बघितलं. किती वेळ बघत होते, बोलेनात. मला वाटलं, संपलं, पकडली गेले. मग माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘सापडलं.’ डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.” सासूबाईंनी नाक ओढलं. “त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवले.”

“बाबांना कधी कळलं नाही?”

“छे. एवढे हुशार, पण नाही कळलं.” आता त्या खरंच हसल्या. “दोरा मी बघून सालीच्या रंगाचा घेतला होता ना.”

ती वर पाहत राहिली. शिरिषाच्या खोडावर वाळुंजाची साल. कालपरवा आलेल्या उमेदवारालाही हे एका नजरेत कळलं असतं. सासऱ्यांनी तर त्या सालीचा तुकडा स्वतःच्या चाकूने काढला होता, दोरा बाजूला सारल्याशिवाय तो निघालाच नसता. घरी जाऊन भिंगाखाली धरला होता, पुडी बांधली होती, आणि पट्टीवर लिहिताना खोटं लिहिता येईना म्हणून ‘खोडावर सापडले’ एवढंच लिहिलं होतं. एकदा नाही, सात वेळा. आणि काल म्हणाले होते, सगळ्यांना लाल पट्टी लाव. तिला स्वतःची लाज वाटली. त्याच्या पाठोपाठ आनंद झाला, आणि मग या दोघांचा थोडा रागही आला. एका छताखाली राहून इतकी वर्षं एवढं मोठं गुपित दोन बाजूंनी धरून बसायचं म्हणजे काय?

“त्यांना सांगू नकोस हं,” सासूबाई म्हणाल्या.

“नाही सांगणार.”

दुसरं काय म्हणणार होती ती? एकाने गप्प राहायला सांगितलं होतं, आता दुसरीनेही सांगितलं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि सोमवार उंबऱ्यावर. तिने चाकूने शेजारच्या झाडावरचा बटणाएवढा एक तुकडा काढला, नव्या पुडीत ठेवला, आणि पट्टीवर आजची तारीख घालून ‘शिरिषाच्या सालीवर वाढलेले’ असं लिहिलं.

परतल्या तेव्हा सासरे पुढच्या खोलीत उभे होते. हातात वर्तमानपत्र होतं, ते उलटं नव्हतं एवढंच.

“आहे हो,” सासूबाई चपला काढता काढता म्हणाल्या. “जिवंत आहे. केवढं पसरलंय म्हणून सांगू. शेजारच्या झाडावर सुद्धा गेलंय.”

सासरे खुर्चीत बसले. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

“शेजारच्या झाडावर? आपण होऊन?”

“आपण होऊन, बाबा. छोटी छोटी, भरपूर आहेत.”

“कशावर?”

“शिरिषाच्या सालीवर.” तिने नवी पुडी उघडून त्यांच्या हातात दिली. या वेळी ते वाकले. खिशातून भिंग काढलं आणि बराच वेळ वाकून राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांनी भिंग ठेवलं आणि तोच हात डोळ्यांवर धरला.

तिने पिशवीतून दुरुस्तीच्या सात कोऱ्या चिठ्ठ्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

“सोमवारी ही आजची नोंद जाईल, माझ्या हातची,” ती म्हणाली. “जुन्या सातांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी कारण विचारणार नाही.”

सासरे चिठ्ठ्यांकडे पाहत बसले. पलीकडे सासूबाई उरलेली संत्री पिशवीतून काढून भांड्यात ठेवत होत्या आणि कंडक्टरने सुटे पैसे कसे दिले नाहीत ते कोणाला उद्देशून नाही असं सांगत होत्या. त्यांच्या केसांत शिरिषाची वाळकी पानं अडकली होती. सासऱ्यांनी ती पाहिली. मग त्यांनी पेन घेतलं, पहिली चिठ्ठी पुढे ओढली आणि लिहायला लागले. बारीक, ताठ अक्षरात लिहीत राहिले. सही केली. आणि चिठ्ठी सुनेला न देता बायकोपुढे धरली.

“हे बरोबर आहे का, बघ.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“वाच तर.”

सासूबाईंनी हात पुसले, चष्मा शोधला, चिठ्ठी लांब धरली आणि शाळेत वाचतात तशी मोठ्याने वाचायला घेतली. “‘तळ्याकाठच्या वाळुंजावरून काढून शिरिषावर बांधलेले. बांधणारी व्यक्ती—’”

त्या थांबल्या. पुढे त्यांचं स्वतःचं नाव होतं, पूर्ण. त्याखाली आणखी एक ओळ होती, ती त्यांनी मोठ्याने वाचली नाही. ती सुनेने त्यांच्या खांद्यावरून वाचली. ‘संग्राहकास हे पहिल्या दिवसापासून माहीत होते.’

सासूबाईंनी चिठ्ठी पुन्हा वाचली, मनातल्या मनात. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग चांगलाच लाल झाला.

“दोरा दिसला होता?”

“गाठ दिसली,” सासरे म्हणाले. “माझ्या शर्टाचं प्रत्येक बटण तू लावलंस. तुझी गाठ मला कळणार नाही?”

“बोलला नाहीत कधी.”

“तू तरी कुठे बोललीस?”

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. सासऱ्यांनी घसा खाकरून दुसरी चिठ्ठी पुढे ओढली.

“सात लिहायच्या आहेत,” ते म्हणाले.

“सात नाहीत,” सासूबाई म्हणाल्या. “नऊ.”

सासऱ्यांचं पेन थांबलं.

“नऊ?”

“दोन ठिकाणी तुम्ही आलाच नाहीत. तोवर तुम्ही बरे झाला होतात. मग मीही काही बोलले नाही.”

सासरे बायकोकडे पाहत राहिले. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि सुनेला विचारलं, “उद्या पहिली बस किती वाजता असते गं?”

“तिथे बस जात नाही,” सासूबाई म्हणाल्या. “मी चालत गेले होते.”